समुपदेशनातला उपदेश

माझी एक आत्या होती. लग्नाला चार-पाच वर्षं झाली असतील, एक दिवस ती अचानक पत्र्याची ट्रंक घेऊन माहेरी आली. मी तेव्हा सात-आठ वर्षांचा होतो. संध्याकाळी ओसरीवर मोठ्या माणसांची बैठक बसली. आजोबा म्हणाले, संसार म्हटला की भांड्याला भांडं लागायचंच. काका म्हणाले, थोडं जुळवून घ्यावं. शेजारच्या आजींनी स्वतःच्या सासुरवासाची गोष्ट सांगितली आणि त्यापुढे तुझं दुःख ते काय, असं विचारलं. आत्या खांबाला टेकून पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होती. आठ दिवसांनी तिला परत पोचवून आले.

पुढे अनेक वर्षांनी, ती ऐंशीच्या घरात असताना, त्या संध्याकाळचा विषय निघाला. ती म्हणाली, "सगळे चांगलंच सांगत होते रे. पण काय झालं, हे एकानेही विचारलं नाही."

भावनिक अडचणींसाठी किंवा नात्यांतल्या तणावांसाठी समुपदेशन घ्या, असं आपण हल्ली सहज म्हणतो. पण हा शब्द थोडा फसवा आहे. त्यात उपदेश दडून बसला आहे. त्यामुळे पुष्कळांना वाटतं, की समुपदेशक म्हणजे पैसे घेऊन उपदेश करणारा शहाणा माणूस. तो तर आमच्या घरात फुकट मिळतो, मग त्यासाठी बाहेर कशाला जायचं? या शंकेचं उत्तर समुपदेशनाच्या इतिहासात आहे. हा इतिहास म्हणजे उपदेश हळूहळू गळून पडण्याचा आणि त्या जागी ऐकणं येण्याचा इतिहास आहे.

मन मोकळं केलं की हलकं वाटतं, हे माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. आपल्याकडे त्याचा मोठा पुरावा जात्यावरच्या ओव्यांत आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत देवधर्म आहे, भाऊ-बहीण आहेत, तसाच सासुरवासही आहे, नवऱ्याचं तुसडेपण आहे, लेक जन्मली म्हणून ऐकून घ्यावी लागलेली बोलणी आहेत. दिवसा ज्या बाईला बोलायची मुभा नव्हती, ती पहाटेच्या अंधारात जात्याशी बोलत होती. समोर बसलेली जाऊ किंवा शेजारीण ते ऐकत होती. ती सल्ला देत नव्हती, पुढची ओवी जोडत होती. गावात पिठाची गिरणी आली आणि बायकांचे कष्ट वाचले, हे चांगलंच झालं. पण ती ऐकणारी जागाही गेली.

युरोपात या गोष्टीची वैद्यकीय नोंद झाली ती व्हिएन्ना शहरात, १८८० ते १८८२ या काळात. डॉ. योसेफ ब्रॉयर यांच्याकडे एकवीस वर्षांची एक तरुणी उपचार घेत होती. वडिलांच्या दुखण्यात रात्रंदिवस शुश्रूषा करता करता ती स्वतः आजारी पडली होती. हात लुळा पडे, भलतेच भास होत, मातृभाषा जर्मन असूनही ती इंग्रजीतच बोले. ब्रॉयर यांच्या ध्यानात आलं, की मनात साचलेलं सगळं बोलून टाकलं की काही काळ तिला आराम पडतो. या प्रकाराला नाव दिलं ते डॉक्टरांनी नव्हे, तर त्या मुलीनेच. ती त्याला बोलण्याचा उपचार म्हणे, आणि कधी गमतीने धुराडं साफ करणं म्हणे. १८९५ मध्ये ब्रॉयर आणि सिग्मंड फ्रॉइड यांनी ही हकीकत पुस्तकात छापली आणि तिथून मनोविश्लेषणाची वाट निघाली. ती मुलगी त्या उपचारांनी पूर्ण बरी झाली नव्हती. नंतरही तिला रुग्णालयात राहावं लागलं. पण पुढे बेर्था पापेनहाइम या आपल्या खऱ्या नावाने तिने जर्मनीत अनाथ मुली आणि निराधार स्त्रियांसाठी मोठं काम उभं केलं.

मनोविश्लेषणात रुग्ण बोलत होता खरा, पण त्याच्या बोलण्याचा अर्थ लावायचा अधिकार डॉक्टरकडेच होता. तुझं काय चुकतंय ते तुला नाही, मला कळतं, ही भूमिका कायम होती. तिला धक्का दिला अमेरिकेतल्या कार्ल रॉजर्स यांनी.

रॉजर्स यांचा जन्म १९०२ चा. ते आधी धर्मोपदेशक होण्यासाठी शिकत होते, ते सोडून मानसशास्त्राकडे वळले. १९२८ पासून बारा वर्षं त्यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टर शहरात अडचणीतल्या मुलांसाठी काम केलं. तिथला एक अनुभव त्यांनी पुढे लिहून ठेवला आहे. एका व्रात्य मुलाची आई त्यांच्याकडे येत असे. रॉजर्स यांचं निदान पक्कं होतं, की आईने मुलाला मनातून झिडकारलं आहे, म्हणून तो असा वागतो. अनेक बैठकींत त्यांनी हे तिला हळुवारपणे पटवून देण्याचा प्रयत्न केला. काही उपयोग झाला नाही. शेवटी दोघांनीही मान्य केलं, की आता थांबूया. ती उठली, दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, तुम्ही इथे मोठ्या माणसांनाही मदत करता का? ती परत येऊन खुर्चीत बसली आणि आपल्या कोलमडत चाललेल्या संसाराची कहाणी सांगू लागली. आधी सांगितलेल्या नीटनेटक्या माहितीपेक्षा ती अगदी वेगळी होती. खरी मदत त्या दिवशी सुरू झाली, आणि मुलाच्या वागण्यातही पुढे फरक पडला.

रॉजर्स यांनी यातून जे घेतलं ते आपल्या मराठी म्हणीत आधीपासून आहे : ज्याचं जळतं त्याला कळतं. कुठे दुखतंय, कोणत्या प्रश्नाला आधी हात घालायचा, हे त्या माणसालाच ठाऊक असतं. ऐकणाऱ्याने त्याला वाट करून द्यायची.

१९४२ मध्ये रॉजर्स यांचं समुपदेशनावरचं पुस्तक आलं. 'काउन्सेलिंग' हा शब्द त्याआधी नोकरीधंद्याच्या मार्गदर्शनात रुळलेला होता. फ्रँक पार्सन्स यांनी १९०८ मध्ये बॉस्टनला तरुणांना व्यवसाय निवडायला मदत करणारी कचेरी काढली होती. मानसोपचार हा शब्द डॉक्टर मंडळी आपल्यापुरता राखून होती, तेव्हा रॉजर्स यांच्यासारख्या मानसशास्त्रज्ञांना हा दुसरा शब्द सोयीचा पडला. समोरच्या माणसाला त्यांनी 'रुग्ण' म्हणणंही सोडलं. शिवाय त्यांनी एक धाडस केलं. संबंधितांच्या संमतीने बैठकींचं ध्वनिमुद्रण करून, एका माणसाशी झालेलं सगळं संभाषण त्यांनी शब्दशः छापलं. बंद दारामागे काय चालतं ते पहिल्यांदाच उजेडात आलं. बोलणारा माणूस जास्त बोलत होता आणि तज्ज्ञ कमी.

१९५७ मध्ये त्यांनी आपल्या अनुभवाचं सार मांडलं. ऐकणाऱ्याकडे मुख्यतः तीन गोष्टी हव्यात. पहिली, खरेपणा, तज्ज्ञाचा मुखवटा नको. दुसरी, समोरच्याचा विनाअट स्वीकार. तू असा वागलास तरच चांगला, अशी अट नको. तिसरी, त्याच्या जागी जाऊन त्याच्या डोळ्यांनी पाहणं. ऐकायला हे सोपं वाटतं. घरी करून पाहा. मुलगा म्हणाला, "मला इंजिनीअरिंग सोडायचंय," की आपल्या तोंडून पहिलं वाक्य काय बाहेर पडतं, एवढंच बघा.

आपल्याकडे याच सुमाराला, वेगळ्या वाटेने, एक माणूस लोकांचे प्रश्न ऐकून घेत होता. र. धों. कर्वे यांनी १९२७ च्या जुलैत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केलं. संततिनियमनाचा प्रचार हा त्याचा मुख्य हेतू, पण त्यातलं वाचकांच्या प्रश्नोत्तरांचं सदर हा एक सामाजिक दस्तऐवजच आहे. जे प्रश्न नवरा बायकोला विचारू शकत नव्हता, मुलगा बापाला विचारू शकत नव्हता, ते लोक कर्व्यांना लिहून विचारत. कर्वे समुपदेशक नव्हते. त्यांची उत्तरं रोखठोक असत. पण प्रश्नाला ते हसत नसत आणि विचारणाऱ्याला पापी म्हणत नसत. त्या काळात ही फार मोठी गोष्ट होती. या प्रश्नोत्तरांवरूनच १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. लोकांनी प्रश्न विचारले तर त्यांची उत्तरं द्यायची नाहीत का, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. खटला हरला आणि कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. तरी मासिक चालूच राहिलं. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी कर्वे गेले आणि त्यानंतरच्या महिन्यात मासिकाचा शेवटचा अंक निघाला.

त्याच नोव्हेंबरात, २ तारखेला, लंडनच्या एका जुन्या चर्चमध्ये एक टेलिफोन सुरू झाला. चॅड वारा हे तिथले धर्मगुरू. १९३५ मध्ये, नवखे असताना, एका तेरा-चौदा वर्षांच्या मुलीच्या दफनविधीची जबाबदारी त्यांच्यावर आली होती. पहिली मासिक पाळी आल्यावर आपल्याला काहीतरी घाणेरडा रोग झाला, असं त्या मुलीला वाटलं. विचारायला कोणी नव्हतं. तिने जीव दिला. एका साध्या प्रश्नाला उत्तर न मिळाल्यामुळे एक मूल गेलं, हे वारा विसरले नाहीत. कर्वे आणि वारा यांची कधी भेट झाली नाही, पण दोघांच्या मनाला लागलेली गोष्ट एकच होती : विचारायला जागा नसणं.

लंडनमध्ये दिवसाला सरासरी तीन माणसं आत्महत्या करतात, असं वारा यांच्या वाचनात आलं होतं. अशा माणसांनी फोन करावा किंवा सरळ येऊन भेटावं, असं त्यांनी जाहीर केलं. गर्दी होऊ लागली. मदतीला काही स्वयंसेवक आले. त्यांचं काम एवढंच, की वारा मोकळे होईपर्यंत आलेल्यांना चहा द्यायचा आणि सोबत करायची. थोड्याच दिवसांत एक नवल घडलं. बाहेर चहा पिता पिता स्वयंसेवकाशी बोललेली कितीतरी माणसं म्हणू लागली, आता आत जायची गरज नाही, बरं वाटलं. सल्ला देणारा आत होता, ऐकणारे बाहेर होते, आणि काम बाहेरच होत होतं! हे ओळखण्याचा आणि मान्य करण्याचा मोठेपणा वारा यांच्याकडे होता. १९५४ च्या फेब्रुवारीत त्यांनी हे काम स्वयंसेवकांवर सोपवलं. 'समॅरिटन्स' या नावाने ते पुढे जगभर पसरलं.

नवरा-बायकोच्या नात्यात समुपदेशन आलं तेही ब्रिटनमध्ये ठळकपणे. लंडनला १९३८ मध्ये विवाह मार्गदर्शन मंडळ स्थापन झालं. नंतर महायुद्ध आलं. वर्षानुवर्षं दूर राहिलेली जोडपी परत एकत्र आली तेव्हा एकमेकांना अनोळखी झाली होती. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९३८ साली सहा हजारांच्या आसपास घटस्फोट झाले होते; १९४७ मध्ये तो आकडा साठ हजारांवर गेला. मार्गदर्शन मंडळाने सामान्य स्त्री-पुरुषांना प्रशिक्षण देऊन या कामाला लावलं. लग्न कसं टिकवावं यावरची सुरुवातीची व्याख्यानं हळूहळू मागे पडली आणि दोघांचं ऐकून घेणं पुढे आलं.

आपल्याकडे कायद्याने या गोष्टीला जागा दिली ती १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यात. या न्यायालयात वकिलाची हक्काने मागणी करता येत नाही. उलट समुपदेशकांची नेमणूक करावी, आणि आधी तडजोडीचा प्रयत्न व्हावा, असं कायदा म्हणतो. महाराष्ट्रात १९८९ मध्ये पुणे आणि मुंबई इथे अशी न्यायालयं सुरू झाली. तिथल्या समुपदेशकाच्या खोलीत प्रत्येक लग्न जुळतंच असं नाही. पण वेगळं व्हायचंच असेल, तर मुलांना ओढाताणीचं साधन न बनवता वेगळं होता येतं. हेही यशच आहे.

इथे एक धोका मात्र सांगितला पाहिजे. समुपदेशनाच्या नावाखाली माझ्या आत्याला मिळाला तोच उपदेश, म्हणजे जुळवून घे, पुन्हा दिला जाऊ शकतो. जिथे मारहाण आहे तिथे तो घातक ठरतो. मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने स्त्रियांसाठी आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, तो याच जाणिवेतून. घरातली हिंसा हा घरगुती मामला नाही, आणि आधी बाईची सुरक्षितता, मग बाकी सगळं, हे त्या कामाचं सूत्र होतं. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा २००५ मध्ये आला. त्याखालच्या नियमांत स्पष्ट म्हटलं आहे, की समुपदेशनाच्या वेळी मारहाणीचं समर्थन करणारी कारणं पुढे करू द्यायची नाहीत. ती उलट बोलली म्हणून हात उचलला, हे वाक्य तिथे चालत नाही.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं ठीक, पण बोलून खरोखर काही होतं का? ही शंका मानसशास्त्रज्ञांनाही आली होती. १९५२ मध्ये हान्स आयसेंक यांनी दावा केला, की अशा उपचारांनी जितके बरे होतात तितके काही न करताही होतात. मोठी खळबळ उडाली, आणि त्यातून काटेकोर अभ्यासांना चालना मिळाली. १९७७ मध्ये मेरी स्मिथ आणि जीन ग्लास यांनी ३७५ अभ्यास एकत्र तपासले. उपचार घेतलेला सरासरी माणूस, न घेतलेल्या शंभरांतल्या पंचाहत्तर जणांपेक्षा बऱ्या स्थितीत असतो, असं त्यांना आढळलं. पद्धत कोणती वापरली यामुळे मात्र फारसा फरक पडत नव्हता.

आणखी जवळचं उदाहरण गोव्याचं आहे. तिथल्या 'संगत' या संस्थेने मानसशास्त्राची पदवी नसलेल्या सामान्य माणसांना प्रशिक्षण दिलं. ही माणसं प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेल्या खिन्न, निराश रुग्णांशी सहा ते आठ बैठकींत बोलत, आणि बंद पडलेल्या लहानसहान गोष्टी परत सुरू करायला त्यांना मदत करत. कोणी सोडून दिलेलं भजनाला जाणं असेल, कोणी बहिणीकडे जाणं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात जवळपास पाचशे रुग्ण होते. तीन महिन्यांनी, नेहमीचेच उपचार मिळालेल्यांपैकी ३९ टक्के खिन्नतेतून बाहेर आले होते. ज्यांना या बैठकींची जोड मिळाली त्यांच्यातले ६४ टक्के. लंडनच्या चहा देणाऱ्या स्वयंसेवकांनी जे सहज दाखवलं होतं, ते गोव्यात मोजून सिद्ध झालं.

याचा अर्थ समुपदेशन हे प्रत्येक दुखण्यावरचं औषध आहे असा नाही. गंभीर मानसिक आजाराला मानसोपचारतज्ज्ञ आणि गोळ्या लागतात. पाटी लावणारा प्रत्येक जण प्रशिक्षित असतोच असंही नाही. त्याचं शिक्षण आणि अनुभव विचारायला संकोच करू नये. एखादा समुपदेशक पहिल्याच भेटीत निकाल देऊ लागला, तुमचंच चुकतंय म्हणाला किंवा तुमची गोष्ट दुसऱ्यांना सांगू लागला, तर खुशाल उठून यावं. आणि रात्री-बेरात्री मन फार काळवंडून आलं, जगणं नकोसं वाटलं, तर सकाळची वाट पाहू नये. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या 'टेली मानस' या सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तिथे बोलायला पैसे पडत नाहीत आणि मराठीतही बोलता येतं.

आपली खरी अडचण वेगळीच असते. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आपल्या अंगात इतकं मुरलं आहे, की पाय मुरगळला तर आपण गल्लीभर सांगतो आणि मन मुरगळलं तर बायकोलाही सांगत नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, म्हणून गप्प बसतो. वर्षानुवर्षं मूठ झाकून ठेवली की ती उघडायचीच विसरते.

जाता जाता रॉजर्स यांनी १९५१ मध्ये सुचवलेला एक प्रयोग सांगतो. त्याला खर्च नाही. पुढच्या वेळी घरात वाद झाला, की एक नियम करायचा. आपलं म्हणणं मांडण्यापूर्वी समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायचं, आणि तो "हो, मला हेच म्हणायचंय," म्हणाला तरच पुढे बोलायचं. मी आणि बायकोने हे करून पाहिलं आहे. पहिल्या दिवशी तिचं म्हणणं तिला पटेल असं सांगायला मला चार वेळा प्रयत्न करावा लागला. भांडण कशावरून होतं ते आता आठवत नाही. पण लग्नाला तीस वर्षं होऊनही आपण हिचं वाक्य पुरतं ऐकलेलं नाही, हे लक्षात आल्याचं मात्र आठवतं.

आत्याने त्या दिवशी मला सगळं सांगितलं. दीड-दोन तास ती बोलत होती. काय झालं होतं ते इथे सांगायचा मला अधिकार नाही. ती तिची गोष्ट आहे. मी काही सल्ला दिला नाही, द्यायला काही उरलंही नव्हतं. निघताना ती दारापर्यंत आली आणि म्हणाली, "बरं झालं विचारलंस." ओसरीवरच्या त्या संध्याकाळला तोवर पन्नासहून जास्त वर्षं झाली होती.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)